जुन्या गाडीत नव्या स्पोर्ट सीट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी नव्वदच्या दशकातली, तीन दरवाज्यांची छोटी हॅचबॅक. मालक ती रोज चालवतात, शोभेसाठी ठेवलेली नाही, त्यामुळे सगळे निर्णय "रोज दोन वेळा बसायचं-उतरायचंय" हे डोक्यात ठेवूनच घ्यावे लागले. गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण बोल्टमधलं अंतर गाडीगणिक बदलतं आणि कुणीतरी इथले आकडे उचलून स्वतःच्या गाडीत भोकं पाडेल ही भीती आहे. मी या कामात मोजमाप आणि अ‍ॅडॅप्टरच्या डिझाइनपुरता होतो, कटिंग-वेल्डिंग एका अनुभवी फॅब्रिकेटरने केलं.

मूळ सीटची अवस्था वाईट होती. ड्रायव्हरच्या बाजूचा फोम दबून चपटा झालेला, आणि त्याहून वाईट म्हणजे पाठ मागेपुढे करायचा रिक्लायनरचा गिअर झिजलेला, त्यामुळे ब्रेक मारला की पाठ मागेपुढे हलायची आणि तो पार्ट कुठेच मिळत नव्हता. म्हणजे सीट बदलण्यामागे फक्त हौस नव्हती. मालकांनी त्याच कंपनीच्या दोन पिढ्या पुढच्या गाडीच्या स्पोर्ट सीट घेतल्या होत्या: बाजूंना उंच सपोर्ट, मांडीखाली लांब कुशन, पाठीत साईड एअरबॅग, हीटिंग आणि इलेक्ट्रिक हाइट अ‍ॅडजस्ट. त्यांचा अंदाज असा की कंपनी एकच आहे तर थोडंफार इकडेतिकडे करून बसतीलच.

नेमकी अडचण

बहुतेक लोक या कामाकडे "बोल्ट जुळतात का" एवढ्याच नजरेने बघतात. बोल्ट जुळवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, लोखंडाची पट्टी कापून ते कोणीही करेल. खरे प्रश्न दोन. एक, अपघातात सीट बेल्टची ओढ कुठून कुठे जाणार, सीटमधून का थेट फ्लोअरमधून? आणि दोन, माणसाचं कंबरेचं हाड नव्या सीटवर नेमकं कुठे येणार? स्टेअरिंग, पेडल, आरसे, बेल्टचा वरचा हूक, छप्पर, सगळं त्या एका जागेला धरून डिझाइन केलेलं असतं. ते हाड ३० मिलिमीटर वर गेलं तर फक्त डोकं छताजवळ जात नाही, बेल्टचे सगळे कोन बदलतात.

बेल्टचा हिशोब थोडा आकड्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. बेल्टच्या अँकरसाठी, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे बोल्ट केलेला असतो त्या जागांसाठी, यूएन रेग्युलेशन १४ हा नियम आहे. त्यात साध्या प्रवासी गाडीच्या तीन पॉइंटच्या बेल्टची टेस्ट घेताना खांद्याच्या पट्ट्याला १३.५ किलोन्यूटन आणि कंबरेच्या पट्ट्याला वेगळी तेवढीच ओढ एकाच वेळी देतात, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ १,३७५ किलो वजन लटकवल्याएवढी. आणि बेल्टचा एखादा पॉइंट सीटवरच असेल तर त्यात सीटच्या वजनाच्या २० पट ओढ अजून मिळवतात. बक्कल ही तर अशी जागा आहे जिथे खांद्याचा आणि कंबरेचा दोन्ही पट्टे येऊन संपतात, त्यामुळे सगळ्यात जास्त भार त्याच बाजूवर येतो.

आता बघा, जुन्या गाडीत बक्कल फ्लोअरच्या मधल्या टनेलवर (दोन सीटमधला लांब उंचवटा) बोल्ट केलेलं होतं, सीटशी त्याचा संबंध नव्हता. नव्या सीटमध्ये मात्र बक्कल सीटच्या खालच्या फ्रेमवर होतं, आणि तेही बारूद असलेल्या प्रीटेन्शनरसकट (धडकेच्या क्षणी बेल्ट झटकन ताणणारा भाग). म्हणजे नव्या गाडीच्या इंजिनिअरांनी सीटचे चार पाय आणि खालचा पत्रा बेल्टची ओढ झेलायला बनवला होता, जुन्या गाडीचा पत्रा फक्त सीट झेलायला बनवलेला होता. हा फरक बाहेरून दिसत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय जुन्याच सीट दुरुस्त करायच्या, नवा फोम, नवं कव्हर. मला विचाराल तर दहातल्या बहुतेक लोकांनी हेच करावं. जुन्या सीटची फ्रेम धड असेल तर नव्या फोमने बसण्यात प्रचंड फरक पडतो आणि सुरक्षेचं काहीच बिघडत नाही. इथे तो बाद झाला तो रिक्लायनरमुळे. पाठ धरून ठेवणारा गिअरच झिजलाय त्या सीटवर नवं कव्हर चढवणं मला पटलं नाही, मागून धडक बसली तर पाठ पडेल. तशीच चांगली जुनी सीट दुसऱ्या गाडीतून काढून लावणं शक्य होतं, पण त्या वयाच्या सीटचा रिक्लायनर कितपत शिल्लक असेल हे बाहेरून कळत नाही, आणि मालकांना मांडीखालचा आधार हवाच होता, पाठदुखीचं मूळ तिथेच होतं.

दुसरा, बाजारात मिळणाऱ्या फिक्स पाठीच्या बकेट सीट, गाडीच्या मॉडेलप्रमाणे बनवलेल्या सबफ्रेमसकट (सीटखालचा जोडणीचा सांगाडा). बसवायला सोप्या, हलक्या आणि खाली बसणाऱ्या. पण तीन दरवाज्यांच्या गाडीत पाठ पुढे वाकत नसेल तर मागे बसलेल्या माणसाला बाहेर यायला रस्ताच राहत नाही. मागे कुणीच बसत नसेल तर ठीक, इथे बसतात. हा पर्याय मिनिटभरात बाद झाला.

तिसरा, नव्या सीटची वरची बाजू जुन्या रेलवर, म्हणजे सीट पुढेमागे सरकते त्या पट्ट्यांवर, वेल्ड करायची. असं केलेलं भरपूर ठिकाणी बघायला मिळतं आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. सीटच्या रेल आणि फ्रेमला हाय स्ट्रेंग्थ स्टील असतं, त्याची ताकद कारखान्यात ठरवून दिलेल्या प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने वेल्डच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो. वरून रंग मारला की काही कळत नाही. शिवाय रेलच्या आत बॉल बेअरिंग, ग्रीस आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, उष्णतेने त्या गेल्या की सीट अडकते नाहीतर खुळखुळते. म्हणून सुरुवातीलाच एक अट ठेवली, सीटच्या कोणत्याही भागावर वेल्डिंग नाही, सगळं बोल्टने.

उरला चौथा पर्याय, नवी सीट जशीच्या तशी आणि तिच्या पायाखाली गाडीच्या मूळ बोल्टवर बसणारं अ‍ॅडॅप्टर. तोच घेतला.

मोजमाप

सीट गाडीत नेण्याआधी दोन्ही सीट सपाट लादीवर शेजारी ठेवून ओळंबा, गुण्या आणि सरळ पट्टी घेऊन मोजल्या. जुन्या सीटच्या पायांमधलं आडवं अंतर ३९० मिलिमीटर, नवीचं ४२५. पुढचे-मागचे पाय जुनीचे ३३० वर, नवीचे ३७२ वर. म्हणजे रुंदीला ३५ आणि लांबीला ४२ मिलिमीटरचा फरक.

उंचीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. माणूस बसवून मोजलं तर नवी सीट सगळ्यात खाली करूनही जुनीपेक्षा ३८ मिलिमीटर वर होती. मालक म्हणाले, "अहो, एवढं काय, मी काही फार उंच नाही." पण प्रश्न डोकं टेकण्याचा नव्हताच. आणि दुसरीकडे, जुनी सीट म्हणजे दबलेला फोम. प्रवाशाच्या बाजूची जुनी सीट कमी वापरलेली होती, ती मोजली तर ड्रायव्हरची सीट तिच्यापेक्षा १५ मिलिमीटर खाली गेलेली निघाली. तर खरी तुलना दबलेल्या सीटशी करायची नाही, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या उंचीशी करायची. त्या हिशोबाने फरक २३ मिलिमीटर, त्यात अ‍ॅडॅप्टरची जाडी मिळवली की ३० च्या वर. तरीही जास्तच.

इथे पहिला मोठा निर्णय आला. फॅब्रिकेटरचं म्हणणं, सीटच्या पायाचे उंचवटे कापून टाकू, तेवढी खाली येईल. ते मान्य नव्हतं. मग त्या नव्या पिढीच्या गाडीतल्या साध्या, हाइट अ‍ॅडजस्ट नसलेल्या सीटचा खालचा सांगाडा शोधला. तो त्याच कंपनीचा, त्याच पिढीचा, आणि स्पोर्ट सीटचं कुशन आणि पाठ त्याच्यावर कारखान्याच्याच बोल्टने बसत होती, काही कापावं लागलं नाही. मोटर आणि लिंक गेल्यामुळे सीट २२ मिलिमीटर खाली आली आणि वजनही २४ किलोवरून १९ वर आलं (जुनी १३ किलोची होती). आता दबलेल्या जुन्या सीटच्या वर १६, त्यात अ‍ॅडॅप्टरचे ८, एकूण २४, त्यातून फोमचे १५ वजा, म्हणजे मूळ उंचीच्या फक्त ९ मिलिमीटर वर. एवढं चालण्यासारखं होतं. इलेक्ट्रिक उंची गेली याचं मालकांना वाईट वाटलं, पण या सगळ्या कामात सगळ्यात जास्त फायदा ह्याच एका निर्णयाने झाला असं माझं मत आहे.

अजून एक मोजमाप बरेच जण घेत नाहीत, रेलचा उतार. कारखान्यात रेल पुढच्या बाजूला थोडी वर असते, म्हणजे बैठक पुढे चढती राहते. अ‍ॅडॅप्टर करताना सगळं सपाट करून टाकलं तर बैठक पुढे झुकते आणि समोरून धडक बसली की माणूस कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो, पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो. पोटावर आलेला बेल्ट आतल्या अवयवांना चिरडतो. नव्या गाडीत ही सीट किती अंशात होती ते त्या गाडीत फोनच्या अँगल मीटरने मोजून घेतलं आणि अ‍ॅडॅप्टरचे पुढचे आणि मागचे पाय त्याप्रमाणे वेगवेगळ्या उंचीचे केले. वर सांगितलेले ८ मिलिमीटर म्हणजे कमरेच्या रेषेत पडणारी सरासरी वाढ.

एअरबॅग आणि वायरिंगचा निर्णय

गाडीत फक्त स्टेअरिंगची एअरबॅग होती, साईड एअरबॅग ओळखणारा कंट्रोल युनिटच नाही. सीटमध्ये बसवलेली साईड एअरबॅग पहिल्यांदा व्होल्वोने ८५० या गाडीत १९९५ च्या मॉडेलला आणली, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिला जागाच नसणार हे उघड आहे. म्हणजे नव्या सीटमधली एअरबॅग या गाडीत कधीच काम करणार नव्हती, पण आत बारूद मात्र होतं.

मालकांचा पहिला विचार, "राहू दे ना तशीच, वायर जोडलीच नाही तर उडणार कशी?" पिवळ्या कनेक्टरमध्ये बहुतेक वेळा एक क्लिप असते, कनेक्टर काढला की दोन्ही पिना आपोआप शॉर्ट होतात, त्यामुळे भटक्या करंटने उडण्याची शक्यता कमी होते हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं पाठीला चिकटून कुठल्याही सिस्टिमच्या देखरेखीशिवाय ती तशीच ठेवायची, आणि पुढे कधी सीट कव्हर बदलणारा किंवा पत्र्याचं काम करणारा माणूस ती आहे हे न कळता तिथे हीट गन किंवा वेल्डिंग चालवणार, हे बरोबर वाटलं नाही. एअरबॅग मॉड्यूल वाहतुकीसाठी धोकादायक माल म्हणून यूएन ३२६८ या नंबरखाली येतात, ते काढायचं आणि पाठवायचं काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचंच आहे. त्याच्याकडून दोन्ही मॉड्यूल काढून घेतले, पोकळीत फोम भरला आणि पाठीवरचं एअरबॅगचं लेबल काढून टाकलं, कारण नसलेल्या एअरबॅगचं लेबल बघून पुढचा माणूस फसतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: असल्या एअरबॅगच्या पिनांना साधा मल्टीमीटर लावून "चालू आहे का" बघू नका. ओहम मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो, आणि हे इग्नायटर कमी करंटवर पेटायलाच बनवलेले असतात.

ज्यांच्या जुन्या गाडीत साईड एअरबॅगचा कंट्रोल आहे त्यांना लोक एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बंद करायला सांगतात. त्याने दिवा बंद होतो, सिस्टिमला मात्र एअरबॅग आहे असं खोटंच वाटत राहतं. आमच्याकडे तो प्रसंग आला नाही, आला असता तरी मी नाही म्हटलं असतं.

हीटिंगचं थोडक्यात. या सीटचं हीटिंग डेटा लाइनवरून कंट्रोल होत होतं. पॅडला थेट १२ व्होल्ट दिले की गरम होतो, पण तापमान तोडणारा कंट्रोल मध्ये नसेल तर तो तापतच राहतो, फोम जळू शकतो आणि माणूसही भाजू शकतो. कनेक्टर इन्सुलेट करून बांधून ठेवला, विषय संपला.

फ्लोअरचा गंज

जुन्या सीट काढून कार्पेट आणि खालचा डांबरी थर खरवडला तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला, दरवाज्याकडच्या मागच्या माउंटभोवती (सीटचा पाय बोल्ट होतो ती जागा) पत्रा फुगलेला दिसला. वरून रंग चांगला, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर आत जात होतं. मालकांना तेव्हा घाई होती, गाडी रोजच्या वापरातली, आणि "आधी सीट बसवू, पत्रा नंतर बघू" हा विचार पुढे आला. मी तिथे अडून बसलो. बोल्ट कितीही चांगला असला तरी तो ज्या पत्र्यात आहे त्याच्यापेक्षा मजबूत होत नाही. सीट बसवल्यावर ती जागा कार्पेटखाली झाकली जाते आणि परत उघडली जात नाही, सगळ्यांचा अनुभव हाच.

गंजलेला तुकडा कापून नवा पत्रा लावला, त्यावर मूळसारखा उंचवटा करून घेतला, आणि खालून जाड प्लेट दिली. प्लेट केवढी हवी याला मोटरस्पोर्टचा एक मापदंड हाताशी होता: एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेच्या अपेंडिक्स जे, कलम २५३ मध्ये सीटचे सपोर्ट गाडीच्या शेलला (बॉडीला) किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टने आणि प्रत्येक ठिकाणी ४० चौरस सेंटिमीटर संपर्क असलेल्या काउंटरप्लेटसह (पत्र्याच्या पलीकडून लावलेली प्लेट) लावायला सांगितलंय, स्टील असेल तर किमान ३ मिलिमीटर जाड. ही रेसगाडी नाही, नियम लागू नाही, पण साधा वॉशर आणि पत्र्यातून ओढून न निघणारी प्लेट यात फरक किती हे त्यावरून कळतं. इथे त्याप्रमाणेच केलं. दुरुस्तीमुळे काम लांबलं, आणि ते लांबायलाच हवं होतं.

बक्कलचा पेच

सगळ्यात जास्त चर्चा इथे झाली. सीटचं स्वतःचं बक्कल वापरायचं म्हटलं तर जुन्या बेल्टचं टंग (बक्कलमध्ये खोचायची धातूची पट्टी) त्यात बसत नव्हतं, आणि बसलं असतं तरी सगळी ओढ सीटच्या पायांतून, अ‍ॅडॅप्टरमधून, चार बोल्टमधून जुन्या पत्र्यात गेली असती, जो त्यासाठी कधीच टेस्ट झालेला नाही. फॅब्रिकेटरला वाटत होतं की जाड पट्टी लावली की झेलेल. पट्टी झेलेल, पत्र्याचं काय? म्हणून सीटवरचं बक्कल प्रीटेन्शनरसकट काढलं (तेही एअरबॅगवाल्या माणसाकडूनच) आणि गाडीचं टनेलवरचं मूळ बक्कल ठेवायचं ठरलं. त्यामुळे अपघातात अ‍ॅडॅप्टरवर मुख्यतः सीटचाच भार येतो. १९ किलोच्या २० पट म्हणजे ३८० किलोच्या आसपास, बेल्टच्या ओढीपुढे फारच कमी. माणसाची पाठ मागे ढकलली जाते तो भार वेगळा, पण तो त्या सीटच्या फ्रेमने झेलायचा असतो आणि फ्रेम तर आपण हात न लावता ठेवलीय.

पण मग नवी अडचण, नव्या सीटचा बाजूचा सपोर्ट रुंद, तो बक्कलवर चढला आणि बेल्ट लावायला बोटं आत जाईनात. लोक अशा वेळी बक्कलला एक्स्टेंशन लावतात. ते लावलं की बक्कल कंबरेच्या हाडावरून वर सरकून पोटाच्या बाजूला येतं, म्हणजे वर जी घसरण्याची भीती सांगितली तीच परत ओढवून घ्यायची. ते टाळलं. त्याऐवजी सीट दरवाज्याकडे १० मिलिमीटर सरकवली. दरवाज्याच्या पॅनेलपासून २२ मिलिमीटर मोकळी जागा होती, १२ उरली, रिक्लायनरचा नॉब फिरवायला पुरते. स्टेअरिंगपासून सीट किंचित बाजूला गेली, मालकांना पहिले काही दिवस जाणवलं, नंतर नाही.

मग कोन मोजले. रेग्युलेशन १४ प्रमाणे पुढच्या सीटला कंबरेच्या पट्ट्याचा आडव्या रेषेशी कोन बक्कलच्या बाजूला ४५ ते ८० अंश आणि दुसऱ्या बाजूला ३० ते ८० अंशांत हवा. बक्कल फ्लोअरवर असल्यामुळे सीट पुढे सरकली की कोन सपाट होत जातो. सीट पूर्ण मागे असताना बक्कलच्या बाजूला ६९, मधे ५८ आणि अगदी पुढे ४७. बसतं, पण पुढच्या टोकाला फारच कमी जागा उरते. मालक मधल्या खाचांवर बसतात म्हणून चालतं. खूप बुटकी व्यक्ती ही गाडी रोज चालवणार असती तर मी हा सेटअप मान्य केला नसता.

अ‍ॅडॅप्टर आणि जोडणी

पुढे एक आणि मागे एक अशा दोन आडव्या प्लेट, स्टीलच्या. मागची प्लेट मूळ बोल्टपासून लांबीला बाहेर जात होती म्हणून तिला वाकण्याचा भार जास्त, तिची कड खाली दुमडून घेतली, तेवढ्याने ताठपणा खूप वाढतो. आधी जाड प्लायवूडचे टेम्प्लेट करून सीट गाडीत ठेवली, सरकवली, बसून बघितलं, मगच स्टीलमध्ये भोकं पाडली. भोकं गोलच ठेवली. लांबट भोकं केली की अ‍ॅडजस्ट करायला सोपं जातं हे खरं, पण मग सगळं बोल्टच्या आवळण्यावर अवलंबून राहतं आणि धडकेत सीट खाचेत सरकू शकते.

बोल्टबाबत मालकांनी चकचकीत स्टेनलेस बोल्ट आणले होते, गंजू नयेत म्हणून. ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा ४५०. गाडीतून निघालेल्या मूळ बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं होतं, म्हणजे १००० आणि ९००, बरोबर दुप्पट मर्यादा. सीटला १०.९ असेल तर १०.९ च. नवे बोल्ट त्याच क्लासचे, गंजाविरुद्ध कोटिंग केलेले घेतले, गाडीच्या नटांचे आटे टॅप फिरवून साफ केले, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळले.

आवळताना एक गोष्ट हमखास होते: चारही पाय एका पातळीत नसतील तर आवळल्यावर रेल पिळली जाते. मग सीट सरकते जड, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंचे लॉक एकदम पडत नाहीत. एका बाजूचंच लॉक पडलेली सीट धडकेत तिरकी फिरते. आमच्याही एका कोपऱ्यात २ मिलिमीटरचं अंतर होतं, तिथे पूर्ण संपर्काची स्टीलची शिम (फट भरणारी पातळ चकती) घातली. मग प्रत्येक खाचेवर सीट थांबवून, खाली टॉर्च मारून, दोन्ही लॉक पडले का ते डोळ्यांनी बघितलं. कानाने "टक" ऐकू आला एवढ्यावर सोडायची ही गोष्ट नाही.

निकाल

ड्रायव्हरची सीट पक्की बसली, आवाज नाही, खेळ नाही. मांडीला आधार मिळाल्यामुळे मालकांची लांबच्या प्रवासातली पाठदुखी खूप कमी झाली. काही दिवस चालवल्यावर बोल्ट परत तपासले, सगळे जागेवर होते. डोळ्यांची पातळी थोडी वर गेल्यामुळे आरसे परत सेट केले.

तोटेही आहेत. जाड पाठीमुळे मागच्या प्रवाशाची गुडघ्याची जागा कमी झाली. पाठ पुढे वाकते, पण उघडणारी फट आधीपेक्षा अरुंद आहे. बेल्ट सपोर्टच्या कडेला घासतो, तिथलं कापड आधी खराब होणार हे आत्ताच दिसतंय.

प्रवाशाच्या बाजूला काम अजून थांबलंय. सगळे धरून चालले होते की तेच अ‍ॅडॅप्टर उलटं करून बसेल, पण त्या बाजूच्या फ्लोअरचा प्रेसिंग आरशातल्यासारखा नाही, टनेलकडचा माउंट वेगळ्या उंचीवर आहे, परत पहिल्यापासून मोजावं लागणार. प्रवाशाच्या नव्या सीटमध्ये वजन ओळखणारी सेन्सरची मॅट पण आहे, या गाडीत तिचा उपयोग नाही, पण कुशनमध्ये ती असताना फोमचं काम करता येत नाही. तोपर्यंत तिथे जुनीच सीट आहे, तिचा रिक्लायनर धड आहे त्यामुळे काही अडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सीट विकत घेण्याआधी मोजायला हवी होती, हे पहिलं. टेप, ओळंबा आणि एक सरळ पट्टी घेऊन विकणाऱ्याकडे अर्धा तास घालवला असता तर उंचीचा प्रश्न तिथेच कळला असता आणि थेट साध्या सांगाड्याची सीट घेता आली असती. साईड एअरबॅग नसलेली सीट मिळत असती तर तीच घ्यायला हवी होती, तेवढा एक पूर्ण टप्पा वाचला असता.

दुसरं, वापरलेली सीट अपघाती गाडीतली नाही ना हे मालकांनी नंतर तपासलं, आधी तपासायला हवं होतं. बघायचं कसं तर, प्रीटेन्शनर उडालेला असेल तर बक्कलचा दांडा खाली खेचलेला असतो आणि त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण दुमडून चेपलेलं दिसतं. रेल सरळ पट्टीला लावून वाकलेली आहे का तेही बघायचं. इथे सीट चांगल्या निघाल्या.

तिसरं, फ्लोअर सगळ्यात आधी उघडायला हवा होता, सीट शोधायच्याही आधी. पत्र्याची अवस्था कळल्यावर कदाचित मालकांनी सगळाच विचार बदलला असता, निदान वेळेचा अंदाज तरी खरा आला असता.

आणि तपासणी व विम्याची चौकशी. सीट आणि बेल्टमधल्या बदलांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, काही ठिकाणी इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. मालकांनी काम अर्ध्यावर असताना विचारलं, त्यामुळे बेल्टचे कोन, बोल्टचा क्लास आणि गंज दुरुस्तीचे फोटो मागितल्यावर दुरुस्तीचे फोटो कमी पडले आणि कार्पेट परत उचलावं लागलं. प्रवाशाच्या बाजूला आता प्रत्येक पायरीचा फोटो काढायचं ठरलंय. अ‍ॅडॅप्टर गाडीच्या मूळ माउंटवरच बोल्ट केलेलं आहे, टनेलवरचं बक्कल हललेलं नाही, त्यामुळे कुणी हरकत घेतलीच तर आधीच्या पद्धतीची सीट परत बसवता येईल. जुनी सीट आणि तिचे मूळ बोल्ट मालकांनी लेबल लावून ठेवलेत.